तुपातला आस

अमृतलाल सांखला यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा निर्णय त्यांच्या डाव्या पायाने घेतला.

साल अडुसष्टचं, महिना आषाढाचा. सावद्याच्या जैन स्थानकात चातुर्मासासाठी आलेल्या महाराजसाहेबांचं प्रवचन चाललं होतं. अमृतलालजी पुरुषांच्या बाजूला मांडी ठोकून बसले होते. डोळे मिटलेले होते. ते भक्तीने की आदल्या रात्रीच्या डाळ-बट्टीने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. माणूस अंगाने भरभक्कम. एवढा ऐवज बराच वेळ एका पायावर ठेवला की त्या पायाचं व्हायचं तेच झालं. पायाला मुंग्या आल्या. सहन होईना तेव्हा ते कसेबसे उठले, डावा पाय अधांतरी धरून उजव्यावर उभे राहिले आणि तोल सावरायला दोन्ही हात छातीशी घट्ट धरले.

नेमकं त्याच वेळी महाराजसाहेब विचारत होते, "चार महिने सूर्यास्तानंतर अन्न-पाणी घेणार नाही, असा नियम कोण घेतं?"

सभेत नियम घेणारा असाच हात जोडून उभा राहतो. सगळी सभा बसलेली आणि उभे एकटे अमृतलालजी. "धन्य! धन्य!" असा गजर झाला. महाराजसाहेबांनी हात वर करून नियम दिलाही. बायकांच्या बाजूला बसलेल्या त्यांच्या आईने, झमकूबाईंनी, पदराने डोळे पुसले. आता एवढ्या गजरात 'माझा पाय झोपलाय' असं सांगायला वाघाचं काळीज लागतं. अमृतलालजींचं काळीज व्यापाऱ्याचं होतं. ते गुपचूप खाली बसले.

घरी आल्यावर त्यांनी सुटकेची वाट शोधायला तोंड उघडलं, पण झमकूबाई आधीच बोलल्या. "अमृत, आता आपण दोघं एकाच वेळेला जेवत जाऊ रे."

झमकूबाई कित्येक वर्षं दिवस मावळायच्या आत जेवत. अमृतलालजी स्टेशनवरून दिवेलागण उलटल्यावर घरी येत आणि रात्री साग्रसंगीत जेवत. त्यामुळे वडील गेल्यापासून म्हातारी रोज संध्याकाळी एकटीच ताटावर बसायची. तिने कधी तक्रार केली नव्हती, आणि अमृतलालजींच्याही ते कधी ध्यानात आलं नव्हतं. आज ते ध्यानात आलं. तोंडात आलेलं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

"तू आल्याशिवाय मी बसायची नाही," झमकूबाईंनी बजावलं. "तुझं पान आणि माझं पान शेजारी."

"आणि मला उशीर झाला तर, बाई?"

"तर तुझा उपास आणि माझाही उपास."

अमृतलालजींची पत्नी लाडकुंवर दाराआडून हे ऐकत होत्या. सासू आणि नवरा उपाशी असताना आपण जेवायचं कसं, हा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला आणि सुस्कारा सोडला.

आता अडचण अशी होती की अमृतलालजी केळीचे आडते होते. केळी भरायची ती सावदा स्टेशनवर, वॅगनींत. आणि सावद्याचं स्टेशन सावद्यापासून चांगलं लांब. गाड्यांतून घड उतरणं, पाला टाकून ते वॅगनीत रचणं, हे उरकता उरकता उन्हं कलायची. मग सायकलवर बसून घर गाठायचं. वडिलांच्या वेळची विलायती काळी सायकल. तिचं बाकी सगळं शाबूत होतं, फक्त मधला आस गेला होता. दोन्ही पायडलींच्या मधे, चौकटीच्या पोटात जो आडवा आस छऱ्यांवर फिरतो, तो. त्याने अमृतलालजींचं वजन इतकी वर्षं सोसलं होतं. आता तो लटपटायचा, पायडल एक इकडे तर एक तिकडे झुलायची, आणि दर फर्लांगाला साखळी उतरायची.

पहिल्याच दिवशी साखळी उतरली ती पुलाजवळ. ती चढवेपर्यंत सूर्य मावळला. अमृतलालजी धापा टाकत घरी पोचले तेव्हा ओसरीवर झमकूबाई घड्याळ आणि पंचांग मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अजून उजेड आहे की," लाडकुंवर हळूच म्हणाल्या.

"तो कंदिलाचा आहे," झमकूबाई म्हणाल्या. "काही बिघडत नाही. मला कुठे भूक असते?"

पण दोन झाकलेली ताटं उचलून आत नेताना त्यांची पावलं जड पडत होती, आणि ती अमृतलालजींना ऐकू येत होती. त्या आठवड्यात असं वारंवार झालं. स्वतःच्या उपासाचं अमृतलालजींना दुःख होतंच, ते नाही कशाला म्हणा. आत गट्ट्याची भाजी झालीय आणि आपण ओसरीवर नुसता वास घेतोय, हे दुःख लहान नाही. पण सत्तरी उलटलेली आई आपल्या सायकलीपायी उपाशी झोपते, हे त्यांना खरोखरच खाऊ लागलं. रविवारी उठून ते सरळ बाजारात सरदारच्या सायकल दुकानात गेले.

सरदार हा सावद्यातला बोलका कारागीर. त्याच्या हातापेक्षा तोंड जास्त चाले. त्याने सायकल उलटी केली, पायडल हलवून पाहिली आणि मान डोलावली.

"शेटजी, सायकलचा कसूर नाही. वजनाचा हाये. हा आस आता संपला."

"मग टिकाऊ आस टाक. असा टाक की चातुर्मास निघाला पाहिजे."

"चातुर्मास?" सरदार दुखावला. "अहो, तुमचा नातू बसंल तरी आस तोच राहील! हे देखो, तीन नमुने हायेत." त्याने फळकुटावर तीन आस मांडले. पहिला नवाकोरा, आरशासारखा चकाकणारा. दुसरा जरा जाड, निळसर. तिसरा काळा, ओबडधोबड, मोटारीच्या मोडक्या आसाच्या पोलादातून लेथवर कातून घेतलेला.

अमृतलालजी पेचात पडले. केळी पारखायची असती तर त्यांनी घडाच्या दांड्यावर नख दाबून चुटकीसरशी सांगितलं असतं. आसावर नख दाबून नखच दुखलं. चकाकणारा डोळ्यांत भरत होता, जाड मनात भरत होता आणि काळा कशातच भरत नव्हता.

सांखला घराण्यात अशा वेळी एकच रीत होती. लुगडी असोत, बांगड्या असोत, पितळी भांडी असोत, दुकानदार माल घरी घेऊन यायचा आणि घरातल्या बायका पसंत करायच्या. अमृतलालजी म्हणाले, "तिन्ही घेऊन घरी चल. बाई पसंत करतील."

"आस? पसंतीला?" सरदारच्या हातातला पाना गळून पडला.

पण शेटजी पुढे निघाले होते. सरदारने तिन्ही आस रुमालात बांधले आणि बोहारणीसारखा मागोमाग निघाला.

झमकूबाईंनी चटई टाकली, पाणी दिलं आणि तिन्ही आस हातात घेऊन बारकाईने पाहिले. त्यांना सायकलीतलं काही कळत नव्हतं, पण टिकाऊपणातलं सगळं कळत होतं. त्यांच्या घरातला तवा त्यांच्या लग्नातला होता.

"सूनबाई, वरवंटा आण."

"वरवंटा?" सरदार घाबरून उठला. "अम्मा, ते नाजूक असतं, वाटण करायचं नाही त्याचं!"

"नाजूक असेल तर माझ्या मुलाच्या काय कामाचं?" झमकूबाई म्हणाल्या. चकाकणारा आस त्यांनी पाट्यावर आडवा ठेवला आणि दोन्ही हातांनी वरवंटा हाणला. आस कमरेत वाकला. सरदारने डोळे मिटले. दुसऱ्या आसावर घाव बसला तसे त्याचे टणकन दोन तुकडे झाले आणि एक तुकडा तुळशीवृंदावनापर्यंत गेला.

"अम्मा, रहम करो!"

तिसऱ्यावर झमकूबाईंनी उरलीसुरली ताकद लावली. खण्णकन आवाज झाला, ठिणगी उडाली आणि वरवंट्याचा हाताएवढा टवका उडून अंगणात पडला. आसावर ओरखडाही नव्हता.

झमकूबाईंनी तो पदराने पुसला आणि लेकाच्या हातात दिला. "हा घे. काळा आहे, पण घराण्यातला दिसतो."

दोघं दुकानात परत आले. सरदारने वाट्या बसवल्या, छरे मांडले, आस घातला आणि डब्यातून बोटभर पिवळं ग्रीस काढलं. त्याच क्षणी दुकानाच्या फळीवर बसून विडी ओढणारे भाईदास फिरके बोलले. भाईदासही केळीचे आडते. अमृतलालजींचे शेजारी, धंद्यातले प्रतिस्पर्धी आणि जुने दोस्त. असा माणूस तोंड बंद ठेवील तर शपथ.

"शेटजी, चातुर्मासात ग्रीस लावू राह्यले का तुमी?"

"का? काय झालं?"

"कुठी काय? मले काय करनं आहे! पन त्याच्यात जनावराची चरबी राहते, असं मी ऐकेल आहे."

अमृतलालजींनी सायकलवरचा हात असा काढला की जणू तवाच तापला होता. "सरदार! ह्यात चरबी असते?"

"मला काय माहीत शेटजी? डब्यात येतं, डब्यातून लावतो."

"थांब! लावू नको. माझ्या आईनं पसंत केलेल्या आसाला चरबी? दुसरं काहीतरी लाव."

"दुसरं काय लावू? सुका ठेवला तर छरे दोन दिवसांत पीठ होतील. तेल लावलं तर पाझरून जाईल. घट्ट, चिकट, चांगली चीज पाहिजे." आणि चिडून, निव्वळ चिडून, तो म्हणाला, "घट्ट म्हणून मग तूप लावू काय?"

अमृतलालजींचा चेहरा उजळला. अर्ध्या घटकेत ते घरून वाडगाभर तूप घेऊन आले. घरचं, कणीदार, रवाळ. झमकूबाईंनी 'शुद्ध वस्तू आहे' म्हणून आनंदाने काढून दिलं होतं. सरदारने उभ्या जन्मात पुष्कळ सायकली भरल्या होत्या, पण तुपाने भरायची ही पहिलीच. भरून झाल्यावर त्याने कुणी पाहत नाही असं बघून बोट चाटलं.

सायकल मात्र अशी पळाली की विचारू नका. ना कटकट, ना लटपट. त्या संध्याकाळी अमृतलालजी घरी पोचले तेव्हा ऊन ओसरीवरच होतं. आई आणि मुलगा शेजारी शेजारी बसून जेवले. झमकूबाईंनी एक फुलका जास्त घेतला. अमृतलालजींनी किती घेतले ते लाडकुंवरांनी कुणाला सांगितलं नाही. पर्युषण सुखात पार पडलं. श्रावणापासून रोज झमकूबाई जेवताना काही ना काही जुनी गोष्ट सांगत. वडिलांनी ही सायकल आणली तेव्हा गाव कसं बघायला लोटलं होतं, ते त्यांनी चार वेळा सांगितलं आणि अमृतलालजींनी चारही वेळा नव्याने ऐकलं.

पण तूप ते तूप. भाद्रपदात पावसाने उघडीप दिली, ऊन तापलं, आणि आसातलं तूप विरघळून चौकटीच्या तळाशी थेंब थेंब दिसू लागलं. सायकल उभी असायची स्टेशनवर केळीच्या ढिगाऱ्याशेजारी. केळीच्या ढिगाऱ्यात मुंग्यांची काय वाण? एका संध्याकाळी अमृतलालजी निघायला म्हणून सायकलजवळ गेले, तर केळीपासून मागच्या चाकापर्यंत, चाकावरून चौकटीवर आणि चौकटीवरून थेट आसाच्या आत, मुंग्यांची काळी, अखंड रांग लागली होती. काही आत जात होत्या, काही तृप्त होऊन बाहेर येत होत्या.

अमृतलालजींनी पायडलीवर टेकलेला पाय मागे घेतला. एक फेरी फिरवायची म्हणजे आत किती जीव चिरडायचे! तेही चातुर्मासात, तेही जीवदयेपोटी सूर्यास्ताचा नियम घेऊन!

"काय शेटजी, निघत नही का?" भाईदासांनी विचारलं. "सूर्य पाहा, झाडाच्या शेंड्यावर आला."

"मुंग्या आहेत."

"झटका ना मंग!"

"झटका कसा? त्यांनी काय घोडं मारलंय माझं?"

मग अमृतलालजींना घरची रीत आठवली. झमकूबाई दर सोमवारी वारुळापाशी पीठ-साखर घालत. तीच युक्ती करावी, मुंग्या आपखुशीने खाली उतरतील. त्यांनी स्टेशनसमोरच्या दुकानातून पीठ आणि साखर आणली आणि सायकलीपासून दोन हातांवर मोठ्या प्रेमाने पसरली.

मुंग्या उतरल्या, ही गोष्ट खरी. पण साखरेची बातमी मुंग्यांत तारेपेक्षा लवकर पसरते. थोड्याच वेळात रुळापलीकडच्या, गोदामाखालच्या, चिंचेच्या बुंध्यातल्या, अशा सगळ्या पाहुण्या साखरेला आल्या. आणि साखर संपल्यावर त्यांना आधीच्या मुंग्यांनी तुपाचा पत्ता सांगितला. आता सायकल काळी होती ती रंगाने की मुंग्यांनी, हे ओळखू येईना.

भाईदास पोट धरून हसत होते. "जेवन झालं त्याह्यचं, शेटजी! साखर झाली, तूप झालं. आता पानसुपारी द्या!"

शेवटी सायकल एका बैलगाडीवर अलगद चढवली. अमृतलालजी तिच्याशेजारी बसले. 'गाडी हळू हाक, धक्का बसून एखादी पडेल' असं ते गाडीवानाला सांगत राहिले आणि गाडीवान 'ह्याच्याहून हळू हाकली तर बैल झोपतील' असं सांगत राहिला. गावात शिरले तेव्हा कंदील लागले होते. ओसरीवर झमकूबाई उठून उभ्या राहिल्या. मुलगा बैलगाडीतून, मांडीवर सायकल घेतल्यासारखा येताना पाहून त्या धावल्या.

"पडलास का रे?"

"नाही, बाई. तूप लागलं."

त्या रात्री पुन्हा दोन ताटं आत गेली. आणि ही तर नुसती सुरुवात होती. मुंग्या हाकलायच्या नाहीत, असा झमकूबाईंचा निकाल पडला. त्या पाहुण्या आहेत, तूप संपलं की आपणच जातील. सायकल ओसरीवर मानाने उभी राहिली. अमृतलालजी पायी स्टेशनवर जाऊ-येऊ लागले, आणि पायी येणारा माणूस सूर्याला कधी गाठतो? एक दिवस जेवण, दोन दिवस उपास, असं चाललं. झमकूबाई आता जुन्या गोष्टी सांगत नव्हत्या. एकदा पाण्याचा तांब्या उचलताना तो त्यांच्या हातून निसटून खाली पडला. अमृतलालजींनी तो उचलून दिला. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. 'सकाळी महाराजसाहेबांकडे जाऊन पायाची खरी हकिकत सांगून टाकतो आणि नियमातून सुटतो,' असं त्यांनी बायकोला सांगितलं.

"म्हणजे तुम्ही सुटाल," लाडकुंवर म्हणाल्या. "आणि सासूजी पुन्हा एकट्या जेवतील."

सकाळी अमृतलालजी महाराजसाहेबांकडे न जाता पायीच स्टेशनकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी लाडकुंवर ओसरीवर तूर भरून ठेवत होत्या. वर्षाची तूर किडू नये म्हणून तिला एरंडेल चोळत होत्या. हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. सायकलीवरून उतरलेली मुंग्यांची रांग तुरीच्या सुपापर्यंत आली, थबकली, तिने मिशा हलवल्या आणि सरळ वळून निघून गेली. लाडकुंवरांनी हात थांबवला. त्यांनी सुपाकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, मग डोक्यावरचा पदर सावरत सासूला हाक मारली.

"सासूजी, एरंडेल घट्ट असतं ना?"

"भलतंच घट्ट."

"चिकटही असतं. शुद्ध असतं. आणि ह्याला मुंगी शिवत नाही. बैलगाडीच्या आसाला तरी लोक काय लावतात?"

झमकूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, जसं त्या दिवशी काळ्या आसाकडे पाहिलं होतं.

मुंग्यांनी आपापल्या सवडीने तूप संपवलं आणि एक दिवस सकाळी सायकल रिकामी दिसली. अमृतलालजींनी ती तशीच सरदारकडे नेली. सोबत एरंडेलाची बाटली. सरदारने आस बाहेर काढला आणि उजेडात धरला.

"शेटजी, बघा! झीज नाही, गंज नाही! मी सांगितलं नव्हतं का?"

"तू काय सांगितलंस? माझ्या आईनं सांगितलं."

"पण बाटलीत हे काय आणलंय?"

"एरंडेल."

सरदारने ह्या वेळी बोट चाटलं नाही.

दसरा झाला, दिवाळी झाली. तुपावर सायकल लोण्यासारखी सरकली असेल, पण एरंडेलावर घोड्यासारखी पळाली. एकही उपास पडला नाही. भाईदासांनी पैजेच्या भाषेत 'शेटजींचा नियम दिवाळी पाहत नही' असं साऱ्या स्टेशनवर सांगून ठेवलं होतं. ते आता मुकाट्याने विड्या ओढत बसायचे. पण कार्तिक लागला तसा दिवस आखडला. सूर्य रोज थोडा थोडा लवकर जाऊ लागला, आणि अमृतलालजी पायडलीवर रोज थोडे थोडे जोरात उभे राहू लागले.

कार्तिकी पौर्णिमा. नियमाचा शेवटचा दिवस. झमकूबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, "आज गोड करते. लवकर ये." आणि नेमकी त्याच दिवशी वॅगन उशिरा लागली. अमृतलालजींनी हमालांच्या बरोबरीने स्वतः घड उचलले. शेवटचा घड आत गेला तेव्हा सूर्य लाल व्हायला आला होता. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि सायकलवर उडी टाकली.

निम्मी वाट झाली असेल. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक सायकल आडवी पडली होती आणि शेजारी भाईदास गुडघा धरून बसले होते. गुडघा चांगलाच सोलवटला होता. सायकल नवी होती, चकाकती होती. तिचा मधला आस मोडला होता.

अमृतलालजींनी ब्रेक दाबला.

"थांबू नका, शेटजी!" भाईदास ओरडले. "तुमचं जेवन हुकीन! म्हातारी उपाशी राहीन! जा तुमी, मी येतो लंगडत लंगडत."

अमृतलालजींनी सूर्याकडे पाहिलं. मग भाईदासांकडे पाहिलं. भाईदास अंगाने त्यांच्यापेक्षा सव्वापट होते. घरी दोन ताटं वाढलेली असतील. पण गुडघा फुटलेल्या माणसाला उन्हं मावळताना रस्त्यावर टाकून आलो, असं सांगितलं तर आई त्या ताटावर बसेल का, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बस मागं," ते म्हणाले.

"अहो, आपन दोघं? ही गाडी मोडीन!"

"वरवंटा मोडला, आस नाही मोडला. बस म्हणतो ना!"

भाईदास कॅरिअरवर बसले तशी सायकल एकदा कण्हली, दोन्ही टायर दबले. पण मधला आस हूं का चूं करीना. अमृतलालजी उभे राहून पायडल मारू लागले. रस्ता मागे पळू लागला. भाईदास डावीकडे बघत होते, कारण सूर्य तिकडे होता. आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना सूर्याची काळजी वाटत होती.

"शेटजी, अजून दोन हात वर आहे!"

"हं!"

"बाभळीवर टेकला! जोर लावा!"

"हं!"

"दीड हात! एक हात! अरे, थांब ना बाप्पा, कशाची घाई आहे तुले!" हे सूर्याला उद्देशून होतं. "शेटजी, मी उतरून जाऊ का?"

"उतरलास तर याद राख!"

चढ आला तेव्हा अमृतलालजींच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण पायडल घसरली नाही, साखळी उतरली नाही, छरा करकरला नाही. एरंडेलाने माखलेला तो काळा आस दोन आडत्यांचं वजन घेऊन लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरत होता. बाजारातून सायकल गेली तेव्हा सरदार दुकानातून धावत बाहेर आला आणि हात उंचावून ओरडला, "डबलसीट! डबलसीट! बघा रे, माझा आस बघा!"

दारात झमकूबाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या. ओसरीच्या खांबाच्या टोकावर उन्हाची एक बोटभर पट्टी उरली होती.

"आहे!" त्या ओरडल्या. "आहे अजून! हात धू, बस!"

अमृतलालजी बसले. झमकूबाई बसल्या. भाईदासांना लाडकुंवरांनी गुडघ्याला हळद लावून त्याच पंगतीत बसवलं. लापशी, कढी, फुलके. बोलायला कुणाला सवड नव्हती. पाणी पिऊन तिघांनी तांबे खाली ठेवले आणि खांबावरची पट्टी विझली.

झमकूबाई लेकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. अमृतलालजींना धाप लागली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. ते घामाचं आहे असं त्यांनी भाईदासांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजसाहेबांचा विहार होता. निरोपाला सगळं स्थानक भरलं होतं. अमृतलालजींचं नाव घेऊन महाराजसाहेबांनी कौतुक केलं, सभेने पुन्हा 'धन्य' म्हटलं, दाराशी उभ्या असलेल्या भाईदासांनी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. मग महाराजसाहेब म्हणाले, "आता जाता जाता विचारतो. हाच नियम वर्षभरासाठी कोण घेतं?"

 आणि अमृतलालजी उठून उभे राहिले. हात जोडलेले.

बायकांच्या बाजूला लाडकुंवर दचकल्या. त्या घाईने सासूच्या कानाशी लागल्या. "सासूजी, थांबवा हो! तुम्हाला माहीत नाही, मागच्या वेळी ते नियमासाठी उठलेच नव्हते. त्यांच्या पायाला—"

"मुंग्या आल्या होत्या," झमकूबाई शांतपणे म्हणाल्या. "लहानपणापासून त्याचा डावा पाय असाच झोपतो. आईला कळत नाही होय?"

लाडकुंवर सासूकडे वळल्या. "मग तुम्ही त्या दिवशी डोळे पुसलेत ते?"

"हसू आवरत नव्हतं ग." झमकूबाईंनी पुढे पाहिलं आणि आता मात्र पदर खरोखरच डोळ्यांना लावला. "आज बघ नीट. आज दोन्ही पायांवर उभा आहे."